आधी पाठ बघायची

दुकानात कुणी काहीही फ्रेम करायला आणलं, की अंकल ते आधी उलटं करायचे. लग्नाचा फोटो असो, हॉकीची जर्सी असो की बालाजीची तसबीर. गिऱ्हाईक मोठ्या कौतुकाने चित्र पुढे धरायचं, आणि अंकल ते हातातून काढून घेऊन टेबलावर पालथं घालायचे. मागच्या बाजूवरून सावकाश तळहात फिरवायचे आणि म्हणायचे, "आधी पाठ."

चित्राच्या पाठीवर काय काय असतं ते मला त्यांच्यामुळे कळलं. ओल कुठून शिरली, कागद कधी फाटला, कुणी चिकटवला, चित्र किती घरं फिरलं. एकदा एका बाईंनी आजोबांचा फोटो आणला होता. अंकलनी तो उलटा केला, तर मागे पेन्सिलीने कुणीतरी वाण्याची यादी लिहिलेली. बाई ओशाळल्या. म्हणाल्या, "ते झाकून टाका."

"आजीचं अक्षर असेल ना?" अंकलनी विचारलं.

बाई खाली वाकून बघत राहिल्या. अक्षर आजीचंच होतं. मग अंकलनी मागच्या पुठ्ठ्याला एक खिडकी कापून दिली, म्हणजे यादी दिसत राहील. पुढे आजोबा, मागे गूळ, हिंग आणि तूरडाळ. ती फ्रेम आजही त्या घरात आहे.

कॅनडातल्या ब्रॅम्पटनच्या एका प्लाझात, मिठाईचं दुकान आणि ड्रायव्हिंग स्कूल यांच्या मध्ये आमचं दुकान. मालक पंजाबी. त्यांचा सगळा जीव ट्रकच्या धंद्यात, त्यामुळे हे दुकान अंकलच चालवत. मी बारा वर्षांपूर्वी तिथे काम मागायला गेले तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडलेली होती. उंच, जरासे वाकलेले, कानावर पेन्सिल, शर्टाच्या खिशात जपमाळ. वसईकडचे मराठी ख्रिस्ती. मी नागपूरची सिव्हिल इंजिनियर. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीपायी इथे आले, आणि माझ्या डिग्रीला इथे कुणी विचारत नाही हे कळायला दोन हिवाळे गेले. स्वभाव माझा मुळातच तापट. त्या दिवसांत तर कुणी साधं "हाऊ आर यू" म्हटलं तरी भांडावंसं वाटायचं.

"सरळ रेघ मारता येते?" अंकलनी विचारलं.

"अंकल, मी पूल ड्रॉ केले आहेत."

"पुलाचं राहू दे, बाय. पुठ्ठ्यावर येते का?"

नाही आली. पहिल्या आठवड्यात मी ढीगभर पुठ्ठा वाया घालवला. अंकल एकदाही ओरडले नाहीत. माझ्या मनगटाखाली आपला हात ठेवून म्हणत, "घाई कुणाला आहे?" हे त्यांचं दुसरं वाक्य. या दोन वाक्यांवर त्यांचा दिवस निघायचा. तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील. त्यांच्याकडे शब्द थोडे असतात आणि आपण मात्र दिवसभर बडबडून दमतो.

ते चित्रकार होते हे मला पहिली दोन वर्षं माहीतही नव्हतं. कळलं तेही माझ्या भोचकपणामुळे. एक कॉलेजची मुलगी आपल्या अभ्यासाचं एक जाडजूड पुस्तक काउंटरवर विसरून गेली होती. भारतातल्या नवकलेच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दलचं. मी चाळत बसले. एका पानावर मुंबईतल्या एका प्रदर्शनाचा फोटो होता. सहा तरुण पोरं, मागे त्यांची चित्रं. खाली पाच जणांची नावं आणि सहाव्यापुढे लिहिलेलं, 'उजवीकडील व्यक्ती अज्ञात.' मी फोटो बघितला, मग मान वर करून अंकलकडे बघितलं. तोच वाकलेला खांदा.

"अंकल, हे तुम्ही?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. "शर्ट माझा नाही," ते म्हणाले. "मित्राचा आहे. बाकी मीच."

त्या दिवसापासून मी त्यांच्या मागे लागले. दुपारी दुकान रिकामं असायचं. मी डबा उघडायचे, ते चहा घ्यायचे, आणि मी एकेक प्रश्न विचारायचे. त्यांनी सलग असं कधीच काही सांगितलं नाही. आज एक तुकडा, मग महिनाभर काही नाही. ते सगळे जोडून माझ्याकडे जे जमलं, ते असं.

घर वसईजवळच्या गावात, पानमळ्यांतलं. मुंबईच्या कला शाळेत शिकले. हुबेहूब काढायला शिकवत होते, आणि या सहा पोरांना हुबेहूब नको होतं. अंकलनी पानमळ्यातला उजेड काढला. नुसत्या हिरव्या उभ्या पट्ट्या. शिक्षक म्हणाले, हे काय आहे? "मी सांगितलं, सर, आमचा मळा आहे. ते म्हणाले, मग पानं कुठे आहेत? मी म्हटलं, सर, तुम्ही मळ्यात उभे आहात. पानं बाहेरून दिसतात." हे सांगताना ते हसले होते. त्या प्रदर्शनात त्यांचं नाव झालं, थोडं विकलंही गेलं. उरलेली चित्रं एका मित्राच्या तळमजल्यावर ठेवली होती. एका पावसाळ्यात खोलीत पाणी शिरलं आणि ती सगळी गेली.

एक चित्र मात्र त्याआधीच गावी गेलं होतं. ते गावच्या चर्चसाठी काढलं होतं. मरियामाता. पण तिला त्यांनी आपल्या आईसारखं लाल लुगडं नेसवलं होतं. लाल रंगाचे तीन सपाट तुकडे, मागे मळ्याच्या हिरव्या पट्ट्या, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता तपकिरी लंबगोल. नाक नाही, डोळे नाहीत. "मला वाटलं, प्रत्येक बाईला आपला चेहरा तिथे ठेवता येईल," ते म्हणाले.

गावाला तसं वाटलं नाही. मळ्यात राबणाऱ्या बाईसारखी मरिया, आणि तीही बिनचेहऱ्याची. पुरुष मंडळी फादरकडे गेली. फादर भले होते, त्यांनी चित्र फाडू दिलं नाही. चर्चच्या सामानाच्या खोलीत तोंड भिंतीकडे करून ठेवून दिलं. खोलीचं दार उघडं असायचं. अंकल दर रविवारी मिस्साला जायचे तेव्हा त्यांना दारातून आपल्या चित्राची पाठ दिसायची. लाकडी चौकट, कापड आणि त्यावर त्यांनीच लिहिलेलं नाव.

"तेव्हापासून ही सवय," ते म्हणाले, आणि पुन्हा कामाला लागले.

त्यांना लागलं होतं ते गावाचं बोलणं नव्हे. ते मला कितीतरी नंतर कळलं. चित्र आत नेलं त्या दिवशी आई चर्चच्या अंगणात उभी होती. तिने एवढंच विचारलं, "बाळा, तिला डोळे का नाही दिलेस?" अंकल उत्तर न देता निघून गेले. त्यांना वाटलं, आईलाही लाज वाटली. पुढे ते कॅनडाला आले. आई गेली तेव्हा जानेवारी होता, नोकरी नवी होती, ते जाऊ शकले नाहीत. गावाकडची चौकशी त्यांनी हळूहळू बंद केली. बहिणीची पत्रं यायची, त्यांना नाताळात उत्तर जायचं. त्या चित्राचं पुढे काय झालं हे त्यांनी कधीही विचारलं नाही.

इथे आधी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग इथल्याच केंब्रिज गावी गाड्यांच्या कारखान्यात रंग तपासायचं काम. ट्यूबलाइटखाली उभं राहून गाडीच्या दाराचा आणि बॉनेटचा पांढरा एकच आहे की नाही ते बघायचं. "अठरा वर्षं पांढऱ्याकडे बघितलं, बाय," ते म्हणायचे. "नवकलेत तेवढं कुणी बघितलं नसेल." रिटायर झाल्यावर बायको वारली, मुलगा सस्काटूनच्या युनिव्हर्सिटीत शिकवायला गेला, आणि अंकल ब्रॅम्पटनला या दुकानात लागले.

"आता नाही काढत?" मी विचारलं होतं.

"फ्रेम करतो ना," ते म्हणाले.

दुकानात एक काम ते कुणालाही करू देत नसत. फ्रेमच्या आत चित्राभोवती पुठ्ठ्याचा जो काठ असतो तो मी कापायचे, काच मी पुसायचे, खिळेही मी मारायचे. पण शेवटी मागून तपकिरी कागद लावून फ्रेम बंद करायची, ते काम त्यांचं. भिंतीकडे तोंड करून ते आपल्या टेबलाशी बसत. "पाठ मी लावणार," म्हणत. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट म्हणून मी सोडून दिलं. आणखी एक होतं. तो काठ कापला की पुठ्ठ्याचा मधला तुकडा निघतो, वहीच्या पानाएवढा, कधी मोठा. तो आम्ही फेकायचो. अंकल असे तुकडे पिशवीत घालून घरी न्यायचे, आणि काही दिवसांनी वर्तमानपत्रात गुंडाळून परत आणायचे. फ्रेमच्या आत भर घालायला म्हणून. मी इंजिनियर, मला वाटलं, घरी बसून मापाने कापत असतील.

एका थंडीत माझ्या डिग्रीचं इथलं मूल्यांकन परत आलं. आणखी पाच कोर्स करा, मग बघू. मी डिग्री नळीत घालून दुकानात आणली होती, स्कॅन करायला. ती नळी कचऱ्याच्या डब्यात टाकली. अंकलनी ती काढली. चार दिवसांनी अक्रोडाच्या लाकडात, चांगल्या काचेत बसवून माझ्या हातात दिली.

"कशासाठी अंकल? इथे कोण बघून राहिलं?"

"लोकांसाठी नाही. तुला दिसायला पाहिजे."

मी ती बेसमेंटच्या जिन्यात लावली. येता-जाता दिसायची. पुढच्या वर्षी मी पाचही कोर्स केले, तरी दुकान सोडलं नाही. आता तीन दिवस एका कन्स्ट्रक्शन कंपनीत आणि बाकीचे दिवस दुकानात, असं चालतं.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही, आणि पूर्णही नाही. मधला भाग गेला. कडेचं दिसायचं. आपल्याशी बोलताना ते मान वळवून कानाकडे बघायचे, म्हणजे चेहरा दिसायचा. नवं गिऱ्हाईक मागे वळून बघायचं, कोण आलंय म्हणून. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार. त्यांनी ब्लेडचं सगळंच काम माझ्या हाती दिलं. पाठ लावायचं काम मात्र सोडलं नाही. ते हाताने करत.

गेल्या वर्षीच्या वसंतात मुंबईच्या एका संग्रहालयातून फोन आला. बोलणाऱ्या बाई तिथल्या अभ्यासक होत्या, त्या सुरुवातीच्या चित्रकारांवर काम करत होत्या. फोटोतला सहावा माणूस त्यांनी शोधून काढला होता, अंकलच्या वसईच्या भाचीकडून. मी फोन स्पीकरवर ठेवला.

"सर, तुमचं एक चित्र अजून आहे," बाई म्हणाल्या. "मरियामातेचं."

अंकलनी हातातला कागद टेबलावर ठेवला.

बाईंनी सगळं सांगितलं. चित्र आता चर्चच्या खोलीत नव्हतं. गावाबाहेर एका जुन्या क्रूसाशेजारी छोटी घुमटी होती, तिच्यात ते भिंतीला स्क्रूने बसवलेलं होतं. बायका तिथे मेणबत्त्या लावायच्या, नवस बोलायच्या. आणि दर वर्षी, सप्टेंबरातल्या मरियेच्या सणाआधी, जसे क्रूस रंगवतात तसं ते चित्रही रंगवत होते. ऑइलपेंटने. दर वर्षी एक हात. लाल चकचकीत लुगडं, सोनेरी वलय, चेहरा, डोळे.

"सर, किती थर आहेत सांगता येत नाही. पण आम्ही एका कोपऱ्यात नखाएवढा भाग क्लीन केला. खाली तुमचा ओरिजिनल रंग आहे, ऑलमोस्ट जसाच्या तसा. आम्ही ते सगळं काढू शकतो. तुमच्या त्या काळातलं सापडलेलं हे एकमेव चित्र आहे. गावचे लोक म्हणतात, ज्याने काढलं त्याने हो म्हटलं तर घेऊन जा. पण सणाआधी सांगा, नाहीतर ते परत रंगवतील."

त्यांनी चित्राचा फोटो पाठवला. अंकलनी फोन डोळ्याच्या कडेला धरून पाहिला, फिरवला, मग माझ्या हातात दिला. "तू सांग."

मी सांगायला लागले. मेणबत्त्यांची काजळी, प्लॅस्टिकचे हार, लाल रंग इतका जाड की लुगड्याला पोत आलाय. मला खरं तर राग येत होता. एवढ्या मोठ्या चित्राचं या लोकांनी हे काय करून ठेवलंय.

"डोळे कसे आहेत?"

"मोठे आहेत. एक जरा जास्त मोठा. दुसरा थोडा तिरळा."

ते हसले. "सणाची घाई असते. हात हलतो." मग विचारलं, "कुठे बघतेय?"

"समोर. दाराकडे असेल."

मी त्यांच्यापेक्षा जास्त उतावीळ झाले होते. ते चित्र साफ झालं असतं तर मोठ्या पडद्यावर, कडेने का होईना, त्यांना दिसलं असतं. डोळे पूर्ण जायच्या आत. पुढच्या पुस्तकात 'अज्ञात' पुसून नाव आलं असतं. एका माणसाच्या अख्ख्या आयुष्याची खूण म्हणून एवढं एकच चित्र उरलं होतं, आणि ते परत मिळत होतं. मी रोज विचारायचे, "कळवलं का?" ते म्हणायचे, "घाई कुणाला आहे?" मला आहे, असं मी एकदा ओरडलेसुद्धा.

जुलैत त्यांनी भाचीला फोन लावायला सांगितलं. "तिला म्हण, चित्र भिंतीवरून उतरवा आणि पाठीचा फोटो पाठवा. पुढून सगळ्यांनी पाठवला. पाठ कुणी बघितली का?"

संग्रहालयातल्या कुणीच बघितली नव्हती. भाची रविवारी दोन माणसं घेऊन गेली आणि तिथूनच व्हिडिओ कॉल केला. आम्ही दुकानाच्या मागच्या खोलीत बसलो होतो. स्क्रू काढल्याचे आवाज आले, मग चित्र पालथं झालं. कापड काळं पडलं होतं. त्यावर अंकलच्या पुसट नावाखाली आणखी नावं होती. एकाखाली एक, पेन्सिलीने, पेनने, ब्रशने. त्या त्या वर्षी रंगवायला उतरवताना लिहिलेलं, रंगाचा मान ज्या घराकडे होता त्या घरातल्या बाईचं नाव.

"वाच," अंकल म्हणाले.

भाची खालून वर वाचत गेली. मार्था. रोझा. कतरीन. पुन्हा रोझा. एक नाव तिच्या आईचं, म्हणजे अंकलच्या बहिणीचं आलं, तेव्हा ती जरा थबकली आणि पुढे गेली. सगळ्यात वर पोचली आणि थांबली.

"पहिल्याला नाव नाही, मामा. अंगठा आहे. लाल रंगाचा."

भिंतीपलीकडे मिठाईच्या दुकानातला मिक्सर चालू होता.

"आजीचा," भाची म्हणाली. "तिला लिहिता येत नव्हतं ना. तू गेलास त्याच्या दुसऱ्या वर्षी नवे फादर आले. आजी त्यांच्याकडे गेली, म्हणाली, माझ्या पोराचं चित्र भिंतीकडे तोंड करून का बसलंय? फादर म्हणाले, लोक ऐकणार नाहीत. मग आजीनेच ते घरी आणलं. होड्या रंगवणारा माणूस बोलावला आणि म्हणाली, हिला डोळे काढ. डोळे असले की लोक घेतील तिला."

"मला कुणी सांगितलं नाही."

"आजी म्हणाली, त्याला सांगू नका. त्याच्या चित्राला हात लावला म्हणून रागवेल."

अंकलनी खिशातून जपमाळ काढली, पण फिरवली नाही, नुसती मुठीत धरली. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसत नव्हते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्याआधी एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी असा हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संग्रहालयाच्या बाईंना फोन केला. बाई आनंदाने काय काय सांगत होत्या, कुठली रसायनं, किती महिने. अंकलनी त्यांना बोलू दिलं.

"खालचं मी काढलं होतं," मग ते म्हणाले. "वरचं आईने. आईचं खरवडून माझं कसं काढू? तुमच्या कामाचं नुकसान करतोय. माफ करा."

बाई पुष्कळ समजावत राहिल्या. हा तुमच्या एकट्याचा प्रश्न नाही सर, हा इतिहास आहे, वगैरे. त्यांचंही चूक नव्हतं. मला तर तेव्हा त्यांचंच बरोबर वाटत होतं. मी दोन दिवस अंकलशी धड बोलले नाही. भाचीचा फोन आला, "मग यंदा रंगवू ना, मामा?" तेव्हा ते म्हणाले, "रंगवा. लाल जरा गडद घ्या. मागच्या वेळी फिका घेतलाय."

"तुम्हाला फिका दिसला?" मी चिडून विचारलं.

"कडेने दिसतो," ते म्हणाले.

ऑक्टोबरात मुलगा त्यांना न्यायला आला. एकट्याने राहण्यासारखे डोळे राहिले नव्हते. जायच्या आधीच्या शनिवारी मी लेकीचा आठवी संपल्यावरच्या ग्रॅज्युएशन समारंभाचा फोटो फ्रेमला घेतला होता. काच बसवली, आणि सवयीने त्यांच्यापुढे पालथी ठेवली. त्यांनी आपल्या पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, भिंतीकडे तोंड केलं आणि बराच वेळ लावून पाठ बंद केली. कागदाचा एक कोपरा वाकडा बसला होता. त्यांनी तो बोटाने चाचपला. "राहू दे," म्हणाले. "तुझ्याच घरी आहे."

फेब्रुवारीत ते सस्काटूनलाच वारले, झोपेत. थंडी इतकी होती की पुरायला वसंतापर्यंत थांबावं लागलं. मार्चमध्ये मुलगा ब्रॅम्पटनचं घर रिकामं करायला आला आणि दुकानात भेटायला आला. वडिलांसारखाच उंच. मराठी समजतं, बोलत नाही.

"आय थॉट ही वॉज पेंटिंग डाउन देअर," तो म्हणाला. "देअर इज पेंट ऑल ओव्हर द बेसमेंट. बट देअर आर नो पेंटिंग्ज. नॉट वन. जस्ट एम्प्टी ट्यूब्ज. मोस्टली रेड."

मी त्याला चहा दिला. तो गेला. मी काउंटरशी उभी राहून आठवत गेले. पिशवीतून घरी जाणारे ते पुठ्ठे. वर्तमानपत्रात गुंडाळून परत येणारे. पाठ मी लावणार.

घरी आल्यावर बूटही न काढता मी बेसमेंटच्या जिन्यातून माझी डिग्री उतरवली, किचनच्या टेबलावर पालथी घातली आणि ब्लेडने तपकिरी कागद कापला. आत, डिग्रीच्या पाठीला पाठ लावून, पुठ्ठ्याचा तो तुकडा होता. लाल रंगाचे तीन सपाट तुकडे. मागे हिरव्या उभ्या पट्ट्या. वर तपकिरी लंबगोल, बिनचेहऱ्याचा. ती तिथे कितीतरी वर्षं उभी होती आणि मी कपड्यांची बास्केट घेऊन रोज तिच्यासमोरून जात होते.

किती घरांतून ती अशी असेल, मला सांगता येणार नाही. ब्रॅम्पटनमध्ये तुमच्या ओळखीच्या कुणाकडे आमच्या दुकानाची फ्रेम असेल. लग्नाच्या फोटोमागे, हॉकीच्या जर्सीमागे, बालाजीमागे. आजही एखादी जुनी फ्रेम दुरुस्तीला येते तेव्हा मी ती उलटी करते आणि तळहात फिरवते. गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय उघडत नाही.

मग मला दुसरी फ्रेम आठवली. मी हॉलमधून लेकीचा फोटो काढून आणला. वाकडा कोपरा तसाच होता. तो कापायच्या आधी मी जरा थांबले. घाई कुणाला होती.

तेच लाल तुकडे, पण कडा सांडलेल्या. हिरव्या पट्ट्या एकमेकांत गेलेल्या. जवळजवळ आंधळ्या माणसाने हाताने चाचपत काढलेलं चित्र. आणि लंबगोलात, काळ्या रंगाने, दोन डोळे.

मी ती फ्रेम तशीच, पाठ बाहेर करून, हॉलमध्ये दारासमोर टांगली. लेक शाळेतून आली, जॅकेट काढता काढता थांबली.

"आई, हू इज शी? अँड व्हेअर अ‍ॅम आय?"

"तू मागे आहेस," मी म्हटलं. "थोडे दिवस मागे राहा."

तिने जवळ जाऊन पाहिलं. डावा डोळा जरा जास्त मोठा आहे, उजवा थोडा तिरळा. दोन्ही दाराकडे बघतात.